आळस, काम आणि पौलाची एक ओळ : पार्श्वभूमी

बायबलच्या नीतिसूत्रांतली, आळशाला धडा देणारी मुंगी सर्वांना पाठ आहे. ख्रिस्ती मंडळीत आळसावरून वाद पेटला तो प्रेषित पौलाच्या नावे बायबलमध्ये असलेल्या, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या एका ओळीवरून (३:१०) : ज्याला काम करण्याची इच्छा नाही, त्याने खाऊही नये. अट इच्छेची आहे, कुवतीची नाही. पुढच्या काळात नेमकी हीच अट पुन्हापुन्हा गाळली गेली.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी झावळ्यांचे दोर वळत, टोपल्या विणत आणि काम करता करता स्तोत्रे म्हणत. त्यांनी आळसाची वेळसुद्धा नोंदवली आहे. दिवसाच्या चौथ्या ते आठव्या तासात, म्हणजे साधारण दहा ते दोन, सूर्य जागचा हलेनासा वाटतो. मन खिडकीकडे धावते, जेवणाचा नववा तास किती लांब आहे ते पाहते आणि दुसऱ्या जागी राहायला गेलो तर बरे होईल, असे सुचवू लागते. हातातले टाकून पळणे, हे त्यांच्या लेखी आळसाचे मूळ. एका संन्याशाच्या गुहेपासून वस्ती सात दिवसांच्या वाटेवर होती. माल नेण्याचे भाडेच विक्रीपेक्षा जास्त पडले असते. तरी तो रोजचे ठरलेले काम करी, गुहा भरली की वर्षाचा साठा जाळी आणि पुन्हा कामाला लागे.

खरा पेच पडला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये, इ.स. ४०० च्या सुमारास. तिथल्या काही मठवासीयांनी अंगमेहनत सोडली. आकाशातली पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, हे येशूचे वचन त्यांचा आधार. पौल बोलतो ते आध्यात्मिक कामाविषयी, असा त्यांचा अर्थ. जवळच्याच प्रदेशातल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांचे उत्तर रोखठोक होते : पाखरे साठाही करीत नाहीत, मग तुमच्याकडे कोठारे कशी? दुसऱ्याच्या श्रमाचे धान्य तुम्ही दळता आणि शिजवता, ते कोणत्या पाखरांचे पाहून? प्रार्थनेला वेळ उरत नाही, ही सबबही त्यांनी मानली नाही, कारण स्तोत्र हात चालू असतानाही म्हणता येते. मात्र आजारी माणसाला त्यांनी सूट दिली. मालमत्ता वाटून मठात आलेल्या आणि कष्टाची सवय नसलेल्या श्रीमंतालाही दिली. गरीब शेतकरी घरातून आलेल्याला ती नाही. ही शेवटची वाटणी आजही खटकते, आणि खटकायलाच हवी.

सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कासिनो मठाच्या नियमावलीने उपाय वेळापत्रकात शोधला. ईस्टरपासून १ ऑक्टोबरपर्यंत पहाटेच्या प्रार्थनेनंतर चौथ्या तासापर्यंत काम, सहाव्यापर्यंत वाचन, मग जेवण आणि विश्रांती. दुपारची प्रार्थना जरा लवकर उरकून संध्याकाळपर्यंत पुन्हा काम. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रत्येकाला एक पुस्तक मिळे, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचे. वाचनाच्या वेळी एकदोन ज्येष्ठ बंधू मठात फिरत आणि गप्पा छाटणाऱ्याला हटकत. दोनदा सांगूनही ऐकले नाही तर शिक्षा. दुर्बळांना झेपेल असेच काम द्यायचे, हेही त्याच प्रकरणात आहे. म्हणजे अतिश्रमालाही लगाम होता.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये मठ गेले आणि गरिबांचा भार पॅरिशवर, म्हणजे एका चर्चभोवतीच्या स्थानिक वस्तीवर, आला. १६०१ च्या कायद्याने पॅरिशने कर बसवून अंबाडी, लोकर, सूत, लोखंड विकत घ्यायचे आणि धडधाकट गरिबांना कामाला लावायचे, असे ठरले. म्हातारे, आंधळे, पांगळे यांची सोय वेगळी होती. १८३४ च्या कायद्याने हे चित्र पालटले. गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या श्रमगृहातले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही खडतर ठेवायचे, हे धोरणच झाले. नवरा, बायको आणि मुले वेगवेगळ्या विभागांत. काम मिळत नसलेला आणि काम नको असलेला यांना एकाच मापाने मोजले गेले, आणि पौलाच्या ओळीचा आधार घेणाऱ्यांनी ‘इच्छा’ हा शब्द विसरून तो घेतला.

१८९१ मध्ये रोमहून निघालेल्या पोपच्या परिपत्रकाने प्रश्न मालकाकडे वळवला : काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल एवढी मजुरी, ताकदीबाहेरच्या कामाला मनाई आणि रविवारची सुट्टी.