बँडविड्थ व्यवस्थापन

एकाच इंटरनेट लाइनवर अनेक जण काम करत असताना कुणाला किती वेग मिळावा आणि कुणाचे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) आधी सुटावे, हे ठरवण्याच्या पद्धतींना बँडविड्थ व्यवस्थापन म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये ही सोय बहुधा ‘क्यूओएस’ (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, सेवेची गुणवत्ता) या नावाखाली सापडते. घर, वसतिगृह, कार्यालय, ग्रंथालय, जिथे लाइन सामायिक तिथे हा प्रश्न येतोच.

नेट रखडू लागले की वेग कमी पडतोय असे समजून मोठा प्लॅन घेतला जातो. पण पुष्कळदा दोष वेगाचा नसून रांगेचा असतो. समजा, लाइनचा अपलोड वेग सेकंदाला १ मेगाबिट आहे. १५०० बाइटचे एक भरलेले पॅकेट बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात. कुणाच्या तरी फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला आणि मोडेममधला २५६ किलोबाइटचा बफर, म्हणजे पॅकेटे तात्पुरती थांबवायची जागा, काठोकाठ भरला, की त्यामागे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला सुमारे २ सेकंद ताटकळावे लागते. शेजारच्या खोलीत कॉलवर असलेला माणूस त्याच वेळी ‘आवाज येतोय का?’ असे पुन्हापुन्हा विचारत असतो. त्याच्या आवाजाला जी.७११ या ध्वनि-संकेतन पद्धतीने, हेडर (पॅकेटवरचा पत्ता वगैरे तपशील) धरून, सेकंदाला जेमतेम ८० किलोबिट लागतात, म्हणजे लाइनचा बारावा हिस्साही नाही. त्याला वेग कमी पडलेला नाही, त्याचा नंबर लागत नाही. आवाजाचा एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. फुगलेल्या बफरच्या या दुखण्याला संगणक अभियंते जिम गेटिस यांच्यामुळे ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले.

गर्दीचा प्रश्न जुनाच आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यात, जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरावर, वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटवर घसरला होता. संगणक संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायांमुळे गर्दी दिसताच टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोहोचवणारा मुख्य नियमसंच) आपणहून हात आखडता घेऊ लागला. पण हा संयम प्रत्येक जोडणीपुरता असतो. एकाच वेळी तीस जोडण्या उघडणारा डाउनलोडर, एकच जोडणी वापरणाऱ्याच्या कितीतरी पट वाटा उचलतो. बळी तो कान पिळी. प्रत्येक स्रोताची रांग वेगळी ठेवून आळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे, ही जॉन नेगल यांची १९८५ची सूचना याच अन्यायावर होती. त्यात मोठी पॅकेटे पाठवणाऱ्याचा फायदा उरत होता. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी बिटांच्या हिशेबाने वाटणी मांडून तो दूर केला.

वेगाला लगाम घालण्याची नेहमीची युक्ती म्हणजे टोकन बकेट. बादलीत ठरलेल्या गतीने टोकन पडत राहतात, पाठवलेला डेटा तितके टोकन खर्च करतो आणि बादली रिकामी झाली की पॅकेट थांबते. साठलेल्या टोकनांमुळे थोडा वेळ जोरात धावता येते, म्हणून वेबपान चटकन उघडते आणि लांबलचक डाउनलोड मात्र मर्यादेत राहते.

प्रत्येकाला पक्की मर्यादा घालणे सोपे, पण त्यात नासाडी फार. २० मेगाबिटची लाइन चौघांत पाच-पाच अशी कायमची कापली, तर तिघे झोपल्यावरही चौथ्याला पाचच मिळतात. लिनक्स या संगणक प्रणालीतील एचटीबी ही पद्धत हमीचा वाटा आणि कमाल मर्यादा हे दोन आकडे वेगळे ठेवते: हमी ५, कमाल २०. दुसऱ्याचा न वापरलेला वाटा उसना घेता येतो आणि मालक परतला की तो सोडावा लागतो. एकत्र राहणाऱ्यांसाठी याहून न्याय्य वाटणी क्वचितच सापडेल.

कडक प्राधान्य जपून वापरावे. वरच्या रांगेत पॅकेट असेपर्यंत खालच्या रांगेकडे पाहायचेच नाही, असा नियम केला तर खालचे उपाशी राहतात. म्हणून आवाजासारख्या वरच्या वर्गालाही कमाल मर्यादा घालतात. शिवाय प्राधान्याने वेग वाढत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यातली कळीची गोष्ट अनेकदा राहून जाते: रांग जिथे साठते तिथेच नियम लागू पडतात. ती मोडेममध्ये साठत असेल, तर राउटरमधले सारे नियम कागदावरच राहतात. म्हणून राउटरची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या थोडी खाली, साधारण ८५ ते ९५ टक्क्यांवर ठेवतात, म्हणजे रांग आपल्या ताब्यात येते. डाउनलोडवर हा ताबा अप्रत्यक्ष असतो. आलेली पॅकेटे रोखून किंवा टाकून देऊन पलीकडच्या सर्व्हरला सावकाश पाठवायला भाग पाडावे लागते.

कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांचे २०१२ मधील ‘कोडेल’ हे रांग आटोक्यात ठेवण्याचे तंत्र रांगेची लांबी न मोजता पॅकेट किती वेळ थांबले ते मोजते. थांबणे १०० मिलिसेकंदांच्या कालावधीत सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिले, की ते पॅकेटे टाकू लागते. ‘एफक्यू-कोडेल’ आणि ‘केक’ यांनी त्याला न्याय्य रांगांची जोड दिली. बहुतेक वाहतूक आता कूटबद्ध असून एकाच ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारातून) जाते. पोर्ट पाहून वर्गवारी करणारे जुने नियम त्यामुळे निकामी होत चालले आहेत, म्हणून लहानशा नेटवर्कवर एफक्यू-कोडेल आणि केक या दोन पद्धतीच आधी वापरून पाहाव्यात.

पॅकेटवर प्राधान्याची खूणही करता येते. १९९८ पासून आयपी हेडरमधले ६ बिट त्यासाठी राखलेले आहेत आणि आवाजासाठी ४६ हा आकडा रूढ आहे. स्वतःच्या नेटवर्कबाहेर ही खूण पाळली जाईल याची खात्री नसते. वायफायवर वाटायची असते ती हवेतली वेळ: लांबच्या कोपऱ्यातला, कमी सिग्नलचा एक फोन तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी अधिक वेळ हवा अडवतो.

सेटिंग जमले का, हे वेगचाचणीच्या आकड्यावरून कळत नाही. पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवून मोठी फाइल अपलोडला लावावी. एरवी २० मिलिसेकंद दाखवणारा पिंग शेकड्यांत गेला, तर रांग अजून मोडेममध्येच आहे. मर्यादा आणखी थोडी खाली आणून पुन्हा पाहावे.