मशीन घूं करते, पण फिरत नाही

मे महिन्यातली सकाळ. आमच्या नागपुरातल्या मानेवाडा भागात शेजारच्या काकूंनी गच्चीवरूनच हाक मारली, "बेटा, जरा येऊन पाय ना. मशीन नुसती घूं करून रायली, पाणी हलूनच नाही रायलं."

गच्चीवर टिनाच्या शेडखाली त्यांचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. टबात पाणी, पाण्यात चादरी, तळाची चकती म्हणजे पल्सेटर जागच्या जागी, आणि आतून तो एकसुरी आवाज. मी आधी प्लग काढला. मग विचारलं, "ड्रायर चालतो का?" चालत होता.

एवढ्या दोन गोष्टींनी निम्मं काम झालं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धुण्याची मोटर वेगळी आणि ड्रायरची वेगळी असते. ड्रायर चालतो म्हणजे घरातली वीज, बोर्ड, प्लग सगळं ठीक. आणि घूं आवाज येतो म्हणजे धुण्याच्या मोटरपर्यंतही वीज पोचते आहे. अजिबात आवाज नसता तर मी आधी टायमर, तुटलेली वायर किंवा जळालेली मोटर यांच्या मागे लागलो असतो. मोटर नेहमीसारखी पळते आहे पण चकती हलत नाही, असं असतं तर मोटरची गती चकतीपर्यंत नेणारा पट्टा पाहिला असता. मशीन न फिरण्याचे हे तीन वेगळे आजार आहेत आणि ते कानानेच वेगळे करता येतात.

घूं आवाजाचं कारण समजायला एक जातं डोळ्यांसमोर आणा. एकच बाई जात्याचा खुंटा धरून बसली आहे आणि तिला फक्त सरळ पुढे ढकलता आणि सरळ मागे ओढता येतं. खुंटा नेमका तिच्या हातांच्या रेषेत असेल तर ती कितीही जोर लावो, जातं फिरणार नाही, फक्त थरथरेल. घरातल्या विजेवर चालणाऱ्या साध्या मोटरची अवस्था अशीच असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यात चुंबकत्व तयार होतं, मावळतं, उलटं होतं, पण सगळं एकाच रेषेत. मधल्या दांड्याला डावीकडे आणि उजवीकडे सारखीच ओढ बसते. तो उभाच राहतो आणि लोखंड थरथरतं. काकूंना ऐकू येत होती ती हीच थरथर.

आता जात्याच्या दुसऱ्या बाजूला, पहिलीशी काटकोनात, आणखी एक बाई बसवा. पहिलीचा जोर जिथे वाया जातो नेमका तिथेच हिने ओढायचं. जातं लगेच गरगर फिरू लागेल. मोटरमध्ये ही दुसरी बाई म्हणजे दुसरं वेटोळं. पण दोन्ही वेटोळ्यांना वीज एकाच वेळी मिळाली तर उपयोग नाही, एकीला दुसरीच्या पाव फेरा पुढे राहावं लागतं. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे अंतर हवं ५ मिलिसेकंदांच्या आसपास. हे अंतर पाडून देतो तो कपॅसिटर. मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात, आणि नागपुरात हा शब्द माहीत नाही असं घर विरळा, कारण दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या कूलरचा कंडेन्सर जातोच. निकोला टेस्ला यांना १८८८ साली ज्या मोटरची पेटंटं मिळाली, तिच्या मुळाशी हीच एकमेकांच्या पुढेमागे चालणाऱ्या दोन प्रवाहांची कल्पना आहे. मला ती आजही विलक्षण सुंदर वाटते.

कंडेन्सर अचानक फुटेलच असं नाही, बरेचदा तो झिजतो. आत प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा अतिपातळ थर असतो. कुठे ठिणगी पडून भोक झालंच तर त्याभोवतीचा धातू जळून उडतो आणि तेवढा भाग आपोआप वेगळा पडतो. म्हणजे तो स्वतःची जखम स्वतःच भरतो, पण प्रत्येक वेळी थोडा धातू खर्चून. त्याची वीज साठवण्याची क्षमता कमी होत जाते आणि एक दिवस मोटर सुरू करण्याइतका धक्का उरत नाही. उष्णतेने ही झीज वाढते. अभियंत्यांचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. नागपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, तर टिनाखालच्या मशीनच्या पोटात काय होत असेल? माझं कळकळीचं सांगणं आहे, जागा असेल तर मशीन घरात घ्या.

घूं करणारं मशीन "थोड्या वेळाने फिरेल" म्हणून तसंच चालू ठेवू नका. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, आणि ती सगळी उष्णता होऊन तारेवरचं रोगण जाळते. स्वस्तातला कंडेन्सर वाचवता वाचवता मोटर हातची जाते.

प्लग काढल्यावर मी काकूंच्या टबातलं पाणी सोडलं, कपडे काढले आणि चकती हाताने फिरवून पाहिली. हे करायलाच हवं, कारण चकतीखाली नाणं, सेफ्टी पिन किंवा लहान मुलाचा मोजा अडकला असेल तरी मोटर अशीच घूं करते. चकती सहज फिरली. म्हणजे अडथळा नव्हता.

मग मेकॅनिकला बोलावलं. मागचं झाकण मी उघडू शकलो असतो, पण प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते आणि तिचा झटका जोरात बसतो. ज्याला ती सुरक्षितपणे उतरवता येते त्यानेच तिथे हात घालावा. कंडेन्सरची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये मोजतात, नवा घेताना जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच घ्यावा. "मोठा टाकला तर जोर वाढेल" हे खरं नाही, दुसरं वेटोळं तापतं.

एक बारकावा मला फार आवडतो. धुताना चकती थोडी इकडे, थांबून थोडी तिकडे फिरते. एकाच दिशेला फिरत राहिली तर कपडेही पाण्याबरोबर फिरू लागतील, आणि पाणी व कपडा यांच्यात घासणंच उरणार नाही. मळ निघतो तो या दिशा बदलण्यात. त्यासाठी टायमर कंडेन्सरला आळीपाळीने एका वेटोळ्याकडून दुसऱ्याकडे जोडतो. तेव्हा मशीन एकाच दिशेला नीट फिरत असेल आणि उलट्या फेरीला अडत असेल, तर कंडेन्सर बहुधा ठणठणीत आहे. टायमरच्या आतले संपर्क झिजलेत.

पट्ट्याचा आजार सोपा आहे. मोटर पळते, रबर जळल्याचा वास येतो, चकती दमल्यासारखी हलते आणि कपडे जास्त झाले की थांबते. पट्टा ताणून किंवा बदलून काम भागतं. पट्टा ठीक असेल तर चकतीचा मधला दातेरी भाग किंवा गिअर बॉक्स.

फुली ऑटोमॅटिकवाल्यांनी मात्र मोटरच्या आधी पाण्याकडे पाहावं. ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी भरलं नाही तर ते मशीन धुवायला सुरुवातच करत नाही. नळाच्या जोडणीत एक बारीक जाळी असते. बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर पांढरा थर बसतो, गाळही अडकतो. टाकी मशीनच्या जेमतेम दोन मीटर वर असेल तर पाण्याचा दाब ०.२ बारच्या आसपासच मिळतो, आणि बऱ्याच मशीनना याहून जास्त लागतो. तोटी सोडून जाळी जुन्या टूथब्रशने घासली की कित्येकदा मशीन चालू लागतं.

काकूंच्या कंडेन्सरवर १० मायक्रोफॅरड छापलं होतं. मेकॅनिकने मीटर लावला तर आकडा ४ च्या खाली. नवा बसवला, टबात पाणी सोडलं, टायमर फिरवला. चकती उजवीकडे फिरली, थांबली, डावीकडे फिरली. काकूंनी चादरी टाकल्या आणि मला म्हणाल्या, "आता आमचा कूलरबी पाहून घे, तोबी सकाळपासून असाच घूं करून रायला."