पिकअपच्या केबिनमध्ये पाणी येतं कुठून?

जूनच्या पहिल्या जोरदार पावसातच कळव्याच्या माझ्या मामांच्या पिकअपची केबिन ओली झाली. गाडी पंधरा वर्षांची. पहाटे वाशीच्या बाजार समितीतून भाजी उचलायची आणि उजाडेपर्यंत ठाण्यातल्या दुकानांना पोचवायची, हा तिचा रोजचा शिरस्ता. डाव्या सीटपुढचं मॅटिंग उचललं, तर खालचा फोम पाण्याने टच्च फुगलेला. मामांचं निदान तयारच होतं. "समोरची काच गळते रे, दुसरं काय!" हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणून त्यांनी ती काचेच्या बीडिंगभोवती, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीभोवती फिरवली. पुढच्या पावसात पुन्हा तळं. मग दुसरी ट्यूब.

कौलारू घरात राहिलेल्यांना याचं मर्म लगेच कळेल. फुटकं कौल एकीकडे असतं आणि बादली ठेवावी लागते भलतीकडेच, कारण पाणी वाशाला धरून ओघळत जातं. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात, तसेच पत्र्याला, रबराला, वायरीच्या वेटोळ्यालाही चिकटतात. म्हणून ते टपकन खाली न पडता पृष्ठभागाच्या खालच्या अंगानेही सरपटत जातं. टपावरच्या पन्हळीत शिरलेलं पाणी काचेच्या बाजूच्या खांबातून उतरून पायाशी निघू शकतं. त्यात मामांच्या गल्लीला उतार आहे आणि गाडी रात्रभर तोंड खाली करून उभी असते. आत कुठूनही आलेलं पाणी पुढेच जमणार.

हे पावसाचंच पाणी आहे ना, हेही आधी पाहावं लागतं. कोरड्या दिवशी एसी चालवल्यावर ओल येत असेल, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. पाणी बोटांना चिकट लागलं आणि गोडसर वास आला, तर ते हीटरमधून गळणारं कूलंट समजावं. ते विषारी असतं, चव घेऊन पाहू नये. मामांच्या गाडीला एसी नाही, आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचं होतं.

रविवारी उघडीप मिळाली. फोम काढून वाळत टाकला, पत्रा फडक्याने कोरडा केला आणि त्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. कागद भिजला की लगेच काळपट दिसतो, म्हणून यासाठी त्याच्याइतकं स्वस्त आणि चोख साधन दुसरं नाही. मी टॉर्च घेऊन आत बसलो, मामा पाईप घेऊन बाहेर. नियम एकच, खालून वर जायचं आणि प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबायचं. आधीच टपावर पाणी सोडलं, तर ते ओघळताना सगळ्याच फटी भिजवतं आणि काहीच उमगत नाही. धारही साधी हवी. सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने पावसात कधीच न गळणारी जागासुद्धा गळते.

दाराचा खालचा भाग कोरडा निघाला. मामांनी धार दाराच्या काचेवर धरली आणि चौथ्या मिनिटाला दाराच्या आतल्या पॅडखालून एक थेंब लोंबला, मोठा झाला, उंबऱ्यावर पडला आणि मॅटिंगच्या कडेने पुढे पळाला.

दारात पाणी शिरतं ही चूक नाही, रचनाच तशी आहे. वरखाली होणाऱ्या काचेला घट्ट रबर लावलं तर काच हलणारच नाही. तिथली पट्टी पाणी निपटते, पूर्ण अडवत नाही. उरलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. ते केबिनकडे वळू नये म्हणून पॅडच्या मागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. आम्ही पॅड काढलं, तर तो अर्धा फाटलेला! चार वर्षांपूर्वी दारात स्पीकर बसवणाऱ्याने तो कापला होता आणि तसाच सोडला होता. तळाची भोकंही चिखलाने आणि पालापाचोळ्याने बुजलेली. बारीक तारेने ती मोकळी केली, तेव्हा लोटाभर काळं पाणी बाहेर आलं.

जाड पॉलिथिन त्याच मापाने कापून काळ्या ब्यूटाइल टेपने चिकटवलं. ही टेप वाळून कडक होत नाही, म्हणून दार आपटलं तरी सुटत नाही. पडद्याची खालची कड मात्र दाराच्या आत खोचायला हवी. ती बाहेर राहिली, तर पडदाच पाणी केबिनमध्ये आणून सोडतो.

दोन दिवस कागद कोरडे राहिले. तिसऱ्या रात्री ठाणे-बेलापूर रस्त्यावर धो-धो पाऊस लागला आणि सकाळी डॅशबोर्डखालचा कागद भिजलेला. उभ्या गाडीत येत नाही आणि पळत्या गाडीत येतं, याचा अर्थ वारा पाणी ढकलतोय. ताशी 60 किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब जास्तीत जास्त सुमारे 170 पास्कल होतो, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर उंच पाण्याचा. काचेच्या तळाशी हा दाब जास्त असतो, म्हणूनच केबिनची ताजी हवा तिथून घेतात. जोडीला केशाकर्षण. दोन पृष्ठभागांत एक मिलिमीटरची फट असेल, तर पाणी तिच्यातून दीड सेंटिमीटरपर्यंत वर चढू शकतं. फट दशांश मिलिमीटरची असेल, तर जवळजवळ 15 सेंटिमीटर! डोळ्यांना दिसतसुद्धा नाही अशी फट म्हणूनच जास्त त्रास देते.

ती शोधायला साबण कामी आला. खिडक्या बंद करून ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर पूर्ण सोडला की केबिनमध्ये हवा दाटते. बाहेरून बीडिंगवर साबणाचं पाणी शिंपडलं, तर काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बारीक बुडबुड्यांची माळ उठली. मामा अगदीच चुकले नव्हते.

काच काढल्यावर त्या कोपऱ्यातला पत्रा पापुद्र्यासारखा सुटून आला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो बीडिंगखाली फुगून रबर उचलतो, मग आणखी पाणी, आणखी गंज. खाडीच्या खाऱ्या हवेत हे वेगाने होतं. आणि त्या ट्यूबांनी भर घातली होती. ज्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते उघड्या पत्र्याला खातं. रबर चमकावं म्हणून डिझेलचं फडकं मारतात, तेही थांबवायला हवं. दाराचं बीडिंग बहुधा ईपीडीएम रबराचं असतं. ते ऊन-पाऊस वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेलाने फुगून ढिलं पडतं.

गंज घासून प्रायमर आणि रंग लावला. मग डेंटरने नवं बीडिंग काचेला चढवलं, त्याच्या खाचेत सभोवार नायलॉनची दोरी बसवली आणि साबणाचं पाणी लावून काच बाहेरून टेकवली. तो आतून दोरी हळूहळू ओढत गेला, तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर इंचाइंचाने पलटत गेला. बाहेरून मी आणि मामा तळव्यांनी काच दाबत होतो.

त्या आठवड्यात पाऊस रोज होता. शनिवारी सकाळी मामा बाजारातून आले, खाली उतरून डाव्या सीटपुढचं वर्तमानपत्र ओढून काढलं आणि माझ्या कानाशी नेऊन कुरकुरवलं.