प्रगतीचा तक्ता: वहीतून भिंतीवर

मुलांनी आपले उद्दिष्ट आपण ठरवावे, नोंदही आपणच ठेवावी, ही कल्पना शंभर वर्षांची आहे. 1920 च्या आसपास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावी विद्यार्थी महिन्याभराच्या कामाचा करार घेत आणि झालेले काम कार्डावर आलेखाने दाखवत. आज वर्गांत दिसते ती पद्धत मात्र बरीच नंतरची.

1968 मध्ये, मुख्यतः प्रौढांवरच्या प्रयोगांतून, एक निष्कर्ष मांडला गेला: ‘जमेल तेवढे करा’ म्हणण्यापेक्षा अवघड पण नेमके उद्दिष्ट दिले तर काम जास्त होते. मुलांच्या बाबतीत 1981 चा प्रयोग मोलाचा. गणितात मागे पडलेल्या 7 ते 10 वर्षांच्या मुलांना वजाबाकीची 42 पाने सात तासिकांत सोडवायची होती. ‘दर तासिकेला सहा पाने’ असे जवळचे लक्ष्य सुचवलेली मुले ‘शेवटी 42’ सुचवलेल्यांपेक्षा सरस ठरली. त्याच वर्षी एका व्यवस्थापन मासिकात उद्दिष्टे नेमकी, मोजता येणारी आणि मुदत घालून लिहिण्याचा ‘स्मार्ट’ हा साचा आला. शाळांनी उचलला तो हाच. वजाबाकीचा प्रयोग अभ्यासकांपुरता उरला.

खरा वाद पेटला तो भिंतीवरच्या तक्त्यांवरून. 2002 च्या अमेरिकी कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत वाचन-गणिताची वार्षिक चाचणी सक्तीची झाली आणि गुणांचे आकडे शाळेच्या अब्रूचा प्रश्न बनले. मुलाच्या वहीतला आलेख सगळ्या वर्गाचा, गुणांच्या पातळीनुसार रंग दिलेला तक्ता होऊन भिंतीवर चढला. समर्थक म्हणत, आपण कुठे आहोत हे मुलांना कळायलाच हवे. टीकाकारांचे म्हणणे, तळाच्या रंगातल्या मुलाला स्वतःची प्रगती दिसत नाही, इतरांच्या नजरा दिसतात. तडजोड म्हणून नावांऐवजी क्रमांक आले, पण कोणता क्रमांक कोणाचा हे वर्गात किती दिवस लपणार? मग काही ठिकाणी तक्ता शिक्षकांच्या खोलीत हलला. अब्रू वाचली खरी, पण ज्याच्यासाठी नोंद सुरू झाली त्यालाच ती दिसेनाशी झाली.

दुसरी वाट अधिक सरळ होती: प्रत्येकाची वेगळी फाइल, आणि पालकसभेत ती उघडून स्वतः बोलणारा विद्यार्थी. संगणकावरच्या नोंदींनी तीही अवघड केली आहे. आकडे आपोआप भरले जातात, रंगही आपोआप बदलतो. आपल्या हाताने आलेखावर ठिपका काढण्यापूर्वी मूल कालच्या ठिपक्याकडे बघत असे. ते काम आता यंत्राकडे गेले आहे.