अफगाणी नान

अफगाणी नान म्हणजे अफगाणिस्तानात रोज खाल्ली जाणारी, खमीर घालून फुगवलेली आणि मातीच्या तंदुरात भाजलेली गव्हाची रोटी. दरी भाषेत तिला नान, पश्तूत डोडई म्हणतात. गहू हे त्या देशाचे मुख्य धान्य असल्याने सकाळच्या गोड चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत नान लागतोच. पुलाव असला तरी बाजूला नान असतो.

भारतातल्या हॉटेलांत नान म्हणजे मैद्याचा, दही किंवा दूध घालून मळलेला, लोणी फासलेला मऊ पदार्थ. रोजचा अफगाणी नान त्या मानाने अगदी साधा. कोंडा कमी-अधिक राखलेले पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढ्यावर तो होतो. पूर्वी आदल्या दिवशीच्या पिठाचा आंबलेला गोळा विरजणासारखा वापरत; आता शहरांत बहुधा बाजारचे यीस्ट असते. स्निग्ध पदार्थ नसल्याने नान चिवट राहतो आणि तंदुराच्या भिंतीला टेकलेली बाजू कुरकुरीत होते. शिळा नानही वाया जात नाही. शोरवा या मांसाच्या पातळ रश्श्यात त्याचे तुकडे कुस्करून भिजवतात, आणि खरे तर त्या रश्श्याला ताज्यापेक्षा किंचित वाळलेला नानच बरा.

काबुलचा नान लांबट असतो, कधी हातभर लांब. गोळा थापून झाला की ओल्या बोटांनी त्यावर उभ्या खाचा पाडतात. त्या शोभेपुरत्या नसतात: खाचांमुळे नान फुग्यासारखा टम्म फुगत नाही आणि सगळीकडे सारखा भाजतो. वरून कलौंजी, तीळ किंवा खसखस पेरतात. उत्तरेकडे, मजार-ए-शरीफच्या परिसरात, उझबेकी पद्धतीचा गोल नान दिसतो; त्याच्या कडा जाड आणि मधला भाग ठसा मारून दाबलेला असतो. पूर्वेच्या डोंगराळ भागात मक्याची भाकरीही करतात.

शेजारच्या रोट्यांशी त्याची गल्लत होते ती मुख्यतः आकारामुळे. इराणची बरबरी तशीच लांबट आणि खाचांची. पण ती जास्त जाड असते, भट्टीच्या सपाट तळावर भाजतात आणि वर पिठाच्या पातळ खळीचा हात फिरवल्याने तिला तकाकी येते. तेहरानमध्ये ती अफगाणिस्तानातल्या हजारा लोकांनी नेली असे मानतात, म्हणजे दोघींचे नाते निव्वळ योगायोगाचे नसावे. इराणचीच संगक तापलेल्या खड्यांवर भाजली जाते, त्यामुळे तिच्या पाठीवर खळगे पडतात. लवाश कागदासारखी पातळ. अरबी पिटा आतून पोकळ होते, आणि अफगाणी नानमध्ये खाचा पाडून नेमके तेच टाळलेले असते. आपली चपाती किंवा भाकरी तर बिनखमिराची, तव्यावरची. चपाती अफगाणिस्तानातही करतात, पण नान तो नान.

खेड्यात घरच्या तंदुरात बायका नान भाजतात. शहरात हे काम नानवायाचे, म्हणजे नान भाजून विकणाऱ्याचे. जमिनीत पुरलेल्या तंदुराभोवती माणसे बसलेली असतात: एक गोळे तोलतो, दुसरा थापतो, तिसरा हातातल्या छोट्या गादीवर नान पसरून तंदुरात वाकतो आणि भिंतीला चिकटवतो, आणखी कोणी लांब सळईने तो ओढून काढतो. घरी मळलेले पीठ नानवायाकडे भाजायला पाठवण्याचीही पद्धत आहे. जमिनीवर पडलेला नानचा तुकडा उचलून, चुंबून, पायाखाली येणार नाही अशा जागी ठेवतात.

नानची टंचाई म्हणजे उपासमार, म्हणून त्याचे राजकारणही होते. १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने काबुलमध्ये विधवांनी चालवलेल्या भट्ट्या सुरू झाल्या. तिथे गरिबांना स्वस्तात नान मिळे. ऑगस्ट २००० मध्ये तालिबानने त्या बंद करण्याचा हुकूम काढला आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. २०२१ नंतर पीठ महागले तेव्हा काबुलच्या अनेक नानवायांनी १० अफगाणी (हे तिथले चलन) हा भाव तसाच ठेवून नानचे वजन कमी केले.

भारतात हा नान चाखायचा तर दिल्लीचे लाजपतनगर आणि भोगल ही ठिकाणे. तिथे अफगाण निर्वासितांच्या वस्तीबरोबर त्यांच्या भट्ट्याही आल्या.