धोळावीराचा सरळ रस्ता : पार्श्वभूमी

वडोदऱ्याहून कच्छमधलं धोळावीरा हे हडप्पाकालीन नगर करायचं तर पूर्वी रापरमार्गे रणातल्या, म्हणजे खाऱ्या वाळवंटातल्या, खडीर बेटावर जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. भुज हवं असेल तर भचाऊपर्यंत खाली उतरणं आलं. आता खावड्याहून रणातूनच सरळ रस्ता आहे. त्यामुळे आपली मराठी मंडळी खावड्याजवळच्या काळ्या डुंगरावर दत्ताचं दर्शन, तिथल्या कोल्ह्यांना प्रसाद आणि धोळावीरा हे सगळं एकाच फेरीत उरकतात.

हा रस्ता सहज झालेला नाही. कच्छच्या मोठ्या रणाचा सुमारे 7,500 चौरस किलोमीटरचा पट्टा 1986 पासून अभयारण्य आहे आणि फ्लेमिंगोंची मोठी वीण त्यातच होते. हा रस्ता ज्याचा भाग आहे त्या घडुली-सांतलपूर रस्त्याला केंद्रानं 2011 मध्ये नकार दिला आणि 2014 मध्ये, सरकार बदलल्यावर, होकार. बाजूनं मुख्य मुद्दा सीमेवरच्या गस्तीचा होता, विरोधात पक्ष्यांचा. फ्लेमिंगो उथळ खाऱ्या पाण्यात चिखलाची बुटकी, शंकूसारखी घरटी घालतात. पाणी चढलं तर अंडी बुडतात, लवकर आटलं तर कोल्ही-कुत्री चालत घरट्यांपर्यंत पोचतात. अशा जागी भराव घालताना पाणी जायच्या मोऱ्या किती आणि कुठे, यावर सगळं अवलंबून असतं. त्या मानानं चर्चा गस्तीचीच जास्त झाली. आणि आज रस्त्यावर पाहाल तर दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पाण्यासोबत फोटो काढायला थांबलेल्या गाड्या! सुरखाब, म्हणजे हाच फ्लेमिंगो, हा गुजरातचा राज्यपक्षी, हे जाता जाता.

धोळावीरा नगर स्वतः इ.स.पू. 3000 च्या आसपासचं. मानसर आणि मनहर या पावसाळी ओढ्यांचं पाणी बंधाऱ्यांनी वळवून तटाच्या आत हौदांत साठवलेलं, काही हौद तर खडकात कोरलेले. 1960 च्या दशकात जागा सापडली, पण मोठं उत्खनन 1989 नंतरचं. उत्तर दरवाजापाशी दहा चिन्हांचा फलक मिळाला, तो अजून कुणाला वाचता आलेला नाही. 2021 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं आणि राहण्याच्या सोयी वाढल्या.

पायी फिरायचं असेल तर अवशेषांपासून काही किलोमीटरवर, रणाच्या काठाशी, ज्युरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत. वाटेत सावली जवळपास नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावं, तेही सकाळी.