दुहेरी परवान्याच्या लायब्ररी आणि मुक्त स्रोत प्रकल्पांची परवाना-निवड

एकच सॉफ्टवेअर लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) तिच्या प्रताधिकारधारकाने दोन वेगवेगळ्या परवान्यांखाली उपलब्ध करून दिली असेल, तर तिला दुहेरी परवान्याची लायब्ररी म्हणतात. वापरणाऱ्याने दोहोंपैकी एक परवाना निवडायचा असतो. दोन्ही एकदम पाळण्याची सक्ती नसते. अशा लायब्ररीवर मुक्त स्रोत प्रकल्प अवलंबून असला की ही निवड त्या प्रकल्पापुरती राहत नाही. प्रकल्पाचा कोड पुढे घेणाऱ्या प्रत्येकाच्या हक्कांवर तिचा परिणाम होतो.

दुहेरी परवान्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचा हेतू अगदी वेगळा आहे. पहिल्या प्रकारात दोन्ही परवाने मुक्तच असतात. पर्ल ही भाषा आर्टिस्टिक परवाना किंवा जीपीएल (कोड जोडून केलेली कृती वाटताना तिचा स्रोतही त्याच अटींवर द्यायला लावणारा परवाना) यांपैकी कोणत्याही एकाखाली घेता येते. रस्टचा कंपायलर आणि त्या भाषेतल्या बहुसंख्य लायब्ररी एमआयटी किंवा अपाचे २.० या सैल परवान्यांपैकी एकाखाली मिळतात. अपाचे २.० मध्ये पेटंटविषयी स्पष्ट संरक्षण आहे, पण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते तो जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही, एमआयटी जुळतो. म्हणून दोन्ही दारे उघडी ठेवलेली असतात. या प्रकारात अडचण सहसा येत नाही. कधी कधी तर दुसरा परवाना नुसताच शोभेला असतो. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर अनेक वर्षे एमआयटी आणि जीपीएल असे दोन परवाने होते. एमआयटीखालचा कोड जीपीएल प्रकल्पात तसाही वापरता येत असल्याने २०१२ मध्ये जीपीएलचा पर्याय काढून टाकला गेला आणि कोणाचेही काही अडले नाही.

खरा गुंता दुसऱ्या प्रकारात आहे. इथे एक परवाना कॉपीलेफ्ट (बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली वाटायला लावणारा), बहुधा जीपीएल किंवा त्याचाच कडक प्रकार एजीपीएल, आणि दुसरा पैसे मोजून घ्यायचा व्यापारी परवाना असतो. ज्याला स्वतःचा स्रोत उघड करायचा नाही त्याने पैसे द्यावेत, असा हा व्यवहार. कागदावर पर्याय दोन असले तरी मुक्त स्रोत प्रकल्पाच्या हाती प्रत्यक्षात एकच उरतो. व्यापारी परवाना ठरावीक ग्राहकाला दिलेला असतो. लायब्ररीचा स्रोत बदलण्याचे आणि वाटण्याचे हक्क तो ग्राहक पुढच्या माणसाला देऊ शकत नाही. मुक्त स्रोत परवान्याची मूळ अटच अशी की जो हक्क आपल्याला मिळाला तो पुढच्यालाही मिळाला पाहिजे. त्यामुळे प्रकल्पाने उद्या पैसे जमवून परवाना विकत घेतला, तरी त्याच्या वापरकर्त्यांच्या पदरात काही पडत नाही. नव्या प्रकल्पांचे चालक ‘दुहेरी’ हा शब्द वाचून निर्धास्त होतात, ते इथेच फसतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी ही वेबसाठीची भाषा यांचे. मायएसक्यूएल २००० मध्ये जीपीएलखाली आले, पण त्याच्याशी बोलणारी क्लायंट लायब्ररी तेव्हा एलजीपीएलखाली होती; हा जीपीएलचा सैल प्रकार, लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामला तो आपला परवाना लावत नाही. चौथ्या आवृत्तीत तीही जीपीएलखाली गेली. पीएचपीचा तेव्हाचा स्वतःचा परवाना मुक्त असूनही जीपीएलशी सुसंगत नव्हता, त्यामुळे वेबवर जोडीने नांदणारे हे दोन प्रकल्प परवान्याच्या बाबतीत एकमेकांसमोर उभे ठाकले. २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ सोबत ही लायब्ररी दिली गेली नाही. मायएसक्यूएल कंपनीने त्याच वर्षी ठरावीक मुक्त परवान्यांना सूट देणारा अपवाद जाहीर केला. एवढ्यावर प्रश्न मिटला असता, पण अपवाद हा शेवटी देणाऱ्याच्या मर्जीचा भाग असतो. पुढे पीएचपीच्या परवान्याखालीच मायएसक्यूएलशी बोलणारा एक स्वतंत्र ड्रायव्हर लिहिला गेला आणि २००९ च्या ५.३ आवृत्तीत तो समाविष्ट झाला. दोन्ही बाजू मुक्त होत्या, वैर कोणाचेच नव्हते, तरी ही कसरत काही वर्षे चालली.

क्यूटी या खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. केडीई हा डेस्कटॉप प्रकल्प १९९६ मध्ये क्यूटीवर उभा राहिला, तेव्हा तिची मोफत आवृत्ती बदल करून वाटता येत नव्हती. या आक्षेपातूनच १९९७ मध्ये ग्नोम हा पर्यायी प्रकल्प सुरू झाला. केडीईने मात्र लायब्ररी सोडली नाही. तिच्या मालकाला, ट्रोलटेक कंपनीला, करारात बांधले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या केडीई फ्री क्यूटी फाउंडेशनला असा हक्क मिळाला की कंपनीने मुक्त आवृत्ती काढणे थांबवले तर फाउंडेशन क्यूटी बीएसडी पद्धतीच्या सैल परवान्याखाली खुली करू शकेल. २००० मध्ये क्यूटीला जीपीएल मिळाला, २००९ मध्ये ४.५ आवृत्तीसोबत एलजीपीएल. मालकी ट्रोलटेककडून नोकियाकडे आणि पुढे आणखी हातांत गेली, करार टिकला. अवलंबून असलेल्या प्रकल्पाला मिळू शकणारे सर्वांत भक्कम संरक्षण हेच, पण ते मागायला केडीईएवढे वजन लागते. छोट्या प्रकल्पाच्या पत्राला असे उत्तर मिळणे कठीण.

बहुतेकांसाठी मार्ग साधे असतात. लायब्ररी ऐच्छिक ठेवणे हा त्यांतला सर्वांत नेटका. एफएफएमपेग हे ध्वनी-व्हिडिओ हाताळणारे सॉफ्टवेअर मुळात एलजीपीएलखाली आहे, तर एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर जीपीएल आणि व्यापारी अशा दुहेरी परवान्याचा आहे. एफएफएमपेगची बांधणी करताना एक्स२६४ हवा असेल तर जीपीएलचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, आणि तयार होणारी प्रत जीपीएलखाली जाते. ज्याला नको त्याची प्रत एलजीपीएलखालीच राहते. अपाचे फाउंडेशनचा नियमही याच दिशेचा: जीपीएलखालची लायब्ररी प्रकल्पाची अनिवार्य गरज असता कामा नये.

इथे एक गैरसमज फार आढळतो. जीपीएल लायब्ररी वापरली म्हणजे स्वतःच्या प्रत्येक फाइलवर जीपीएल लावावाच लागतो, असे नाही. स्वतःचा कोड एमआयटीखाली ठेवता येतो. जोडून तयार झालेली संपूर्ण कृती वाटताना मात्र जीपीएलच्या अटी पाळाव्या लागतात. पुढे लायब्ररी बदलली की एमआयटीखालचा भाग मोकळा होतो. लायब्ररी नुसती लिंक केल्याने, म्हणजे प्रोग्रामला जोडल्याने, व्युत्पन्न कृती (मूळ कृतीवर बेतलेली नवी कृती) तयार होते का, हा वाद कायद्याच्या पातळीवर पूर्ण मिटलेला नाही, म्हणून सावध प्रकल्प ती होते असे धरूनच चालतात.

मालकाने नंतर परवाना कडक केला तर जुन्या आवृत्तीवरचा हक्क जात नाही. आयटेक्स्ट ही पीडीएफ लायब्ररी २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएलखाली गेली; चौथ्या आवृत्तीच्या कोडवरून ओपनपीडीएफ हा फोर्क (जुन्या कोडवरून फुटलेला स्वतंत्र प्रकल्प) एलजीपीएल आणि एमपीएल या मोझिलाच्या परवान्याखाली चालू आहे. बर्कली डीबी ही डेटाबेस लायब्ररी २०१३ मध्ये एजीपीएलकडे वळल्यावर डेबियन या लिनक्स वितरणाने ५.३ आवृत्तीवरच राहणे पसंत केले. एजीपीएलचा धसका घेण्याचे कारण उघड आहे: जीपीएलच्या अटी प्रत वाटल्यावर लागू होतात, तर बदललेला एजीपीएल प्रोग्राम नुसता सर्व्हरवर चालवून लोकांना वापरू दिला तरी त्याचा स्रोत त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो.

फोर्क करणाऱ्याला मुक्त परवाना मिळतो, व्यापारी परवाना विकण्याचा हक्क मिळत नाही. तो संपूर्ण प्रताधिकार हाती असलेल्यालाच असतो. त्यामुळेच अशा लायब्ररीचे मालक बाहेरून आलेली दुरुस्ती स्वीकारण्याआधी योगदानकर्त्याकडून करारावर सही घेतात. अवलंबून असलेल्या प्रकल्पाने लायब्ररीतला दोष स्वतः दुरुस्त केला आणि सही करायची त्याची तयारी नसली, तर तो पॅच (दुरुस्तीचा कोड) त्याला प्रत्येक नव्या आवृत्तीवर स्वतःच चढवत राहावा लागतो.